आजोबांचा कंपवात आणि पत्रातली ती एक ओळ

तुझं पत्र मिळालं. आजोबांनी अनेक वर्षं शेतात फवारणी केली, आता कंपवातामुळे (पार्किन्सन) त्यांना शर्टाचं बटणही लावता येत नाही. बारावीनंतर 'रसायनं आणि मेंदूचे आजार' यावर काम करायचं, असं तू म्हणतेस; घरचे म्हणतात, आधी डॉक्टर हो.

एक कटू गोष्ट आधीच सांगते. आजोबांना आजार फवारणीनेच झाला, हे तुला सिद्ध करता येणार नाही. एकेका माणसाबाबत तसं ठामपणे सांगणं जवळपास अशक्यच. हे पचणार असेल तर पुढे वाच.

1982 साली कॅलिफोर्नियात काही तरुण एकाएकी लाकडासारखे ताठ होऊन रुग्णालयात आले. लक्षणं कंपवाताची, वय मात्र कोवळं. सगळ्यांनी चोरून बनवलेलं एक अमली द्रव्य टोचून घेतलं होतं. विल्यम लँगस्टन या मेंदूविकारतज्ज्ञाने माग काढला, तेव्हा त्यात 'एमपीटीपी' ही भेसळ सापडली. शरीरात गेल्यावर तिचं जे रूप बनतं, ते डोपामाइन (हालचालींवर ताबा ठेवायला लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशींत शिरून त्यांची ऊर्जानिर्मितीच बंद पाडतं. पॅराक्वाट या तणनाशकाची रचना त्या रूपाशी मिळतीजुळती आहे, म्हणून संशोधकांची नजर तिकडे वळली. रोगी ओळखला डॉक्टरने, पण रसायनशास्त्राशिवाय भेसळ सापडली नसती.

वैद्यक आणि रसायनशास्त्र या दोन वाटा झाल्या. तिसरी वाट साथरोगशास्त्राची, म्हणजे कोणता आजार कुणाला, किती आणि का होतो हे लोकसमूहांत शोधण्याची. अमेरिकेतल्या कँप लेज्यून या लष्करी तळाच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन हे द्रावक मिसळलं होतं. तिथल्या सैनिकांची दुसऱ्या तळावरच्यांशी तुलना केली, तर कंपवाताचा धोका 70 टक्के जास्त निघाला. हा अभ्यास 2023 मध्ये आला. इथे ना सूक्ष्मदर्शक, ना परीक्षानळी. नोंदी आणि आकडे.

पत्रात 'गणित आवडतं' हे तू एका ओळीत उरकलंस. माझं बोट तिथेच अडलं. संख्याशास्त्राची पदवी, मग साथरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण, हा रस्ता तुला शोभेल. रुग्णासमोर बसायची ओढ असेल तरच वैद्यकीय. घरच्यांना बरं वाटावं म्हणून नको, वर्षं फार जातात. विद्यापीठातल्या संशोधनाच्या जागा कमीच असतात, हेही घरी स्पष्ट सांग. विषशास्त्र, म्हणजे रसायनांचा शरीराला होणारा अपाय, शिकलेल्यांना कीटकनाशक आणि औषध कंपन्यांत काम मिळतं. तुला ते रुचेल का, हा वेगळा प्रश्न.

सुट्टीत एक कर. वही घेऊन आजोबांजवळ बस. फवारणीचं कोणतं औषध, कोणत्या वर्षी, पाठीवरचा पंप गळायचा का, हातमोजे होते का, भिजलेले कपडे किती वेळ अंगावर राहायचे, सगळं लिही. मग तेच पाच शेजाऱ्यांना विचार, आजारी नसलेल्यांनाही. पाचव्या घरी कंटाळा आला, तर मला मोकळेपणाने कळव.