टाच जमिनीला कधी टेकेल?

प्रश्न : लहानपणीच्या फ्रॅक्चरनंतर माझा उजवा पाय आखूड राहिला होता. रिंग फिक्सेटर (हाडात तारा घालून पायाभोवती बसवलेली कड्यांची चौकट) बसवून नडगीचे हाड साडेचार सेंटिमीटरने वाढवण्यात आले. लांबी वाढवणे थांबून तीन आठवडे झाले, तरी पोटरी ताठलेलीच असते आणि उभे राहिल्यावर टाच बोटभर वर राहते. सकाळी तर अधिकच. जोर लावून ताण दिला तर चालेल का? हा आखडलेपणा कायमचा राहील का?

उत्तर : आपले हाड बहुधा रोज 1 मिलिमीटर, तेही पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा, या रशियन शल्यचिकित्सक इलिझारोव्ह यांच्या पद्धतीने वाढवले गेले असेल. हाड कापून त्याचे दोन भाग हळूहळू दूर नेले की मधल्या फटीत नवे हाड तयार होते. स्नायूला मात्र त्या गतीने लांब होणे जमत नाही. पोटरीचा वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून निघून टाचेला जोडलेला असल्यामुळे तो दोन सांधे ओलांडतो, आणि लांबी कमी पडली की टाच वर ओढून घेतो.

घरी एवढे पाहा. बसून गुडघा वाकवा आणि पाऊल वर ओढा. मग गुडघा सरळ ठेवून तेच करा. वाकवल्यावर पाऊल काटकोनापर्यंत येत असेल आणि सरळ ठेवल्यावर येत नसेल, तर अडचण मुख्यतः या स्नायूची आहे. दोन्ही वेळा अडकत असेल, तर खोलवरचा स्नायू किंवा घोट्याचा सांधाही आखडलेला असू शकतो, म्हणून पुढच्या तारखेची वाट न पाहता शल्यचिकित्सकांना दाखवावे.

जोर लावू नका. झटका दिला की स्नायू उलट आवळतो. चवड्याखालून टॉवेल घालून, गुडघा सरळ ठेवून, वेदना सुरू होण्याच्या अलीकडे तीस सेकंद थांबावे आणि दिवसातून अनेकदा हे करावे. माझ्या मते मात्र व्यायामापेक्षा रात्र अधिक महत्त्वाची आहे : दिवसभर अर्धा तास ताण दिला आणि आठ तास पाऊल खाली लोंबत राहिले, तर मिळवलेले सारे सकाळपर्यंत जाते. आपला सकाळचा ताठरपणा बहुधा त्यातूनच येत असावा. म्हणून पाऊल काटकोनात धरणाऱ्या पट्टीविषयी किंवा स्प्लिंटविषयी फिजिओथेरपिस्टना विचारा. गुडघ्याखाली उशी ठेवण्याचा मोह टाळा. आराम वाटतो, पण गुडघाही वाकलेला राहण्याची सवय लागते.

कायमचा म्हणाल, तर बहुतेकांचा आखडलेपणा काही महिन्यांत हळूहळू सैल होतो. हाड पक्के होण्यास दर सेंटिमीटरमागे एक ते दीड महिना धरला, तर आपला फिक्सेटर सुरुवातीपासून मोजून साधारण साडेचार ते सात महिने राहील, तेव्हा तीन आठवड्यांत निष्कर्ष काढू नये. पायावर भार देण्याची परवानगी असल्यास टाच टेकवण्याचा प्रयत्न करत उभे राहणे हाही चांगला ताण आहे. एवढे करूनही सांधा सुटला नाही, तर टाचेमागची कंडरा (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड दोर) लांब करण्याची शस्त्रक्रिया करता येते.

पाऊलाच्या वरच्या बाजूस मुंग्या येणे, बधिरपणा, किंवा अंगठा वर उचलता न येणे हा स्नायूचा नव्हे, मज्जातंतूवरील ताणाचा इशारा असू शकतो. पोटरी एकाएकी सुजून गरम आणि दुखरी झाली, तर रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी लागते. या दोन्ही बाबतींत त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. अशा वेळी पोटरी चोळू नका.