बाळ यायच्या आधी काय घ्यायचं आणि काय नंतरवर टाकायचं

अरे, तुझी यादी मिळाली. दोनदा वाचली. मनापासून केलीयस हे दिसतंय, जागून जागून रिव्ह्यू वाचून एकेका वस्तूपुढे कंपनी, मॉडेल, रंग सगळं लिहिलंयस आणि शेवटी विचारलंयस, मावशी यात काय राहिलंय ते सांग. राहिलंय थोडंच, कमी करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे, म्हणून फोनवर घाईत न बोलता लिहितेय, दोघं मिळून वाचा.

माझी इतकी वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात गेली. घरी जाताना आईबाप काय विचारतात आणि महिनाभराने तपासणीला आले की काय विचारतात, हे दोन्ही मी ऐकत आलेय. घरी जाताना बरेचसे प्रश्न वस्तूंचे असतात. महिन्यानंतर झोप, दूध आणि शी-शू याच्या पलीकडे बोलणं जातच नाही. त्यामुळे माझं म्हणणं सरळ आहे: बाळ जिथे झोपणार आणि ज्यात बसून गाडीतून जाणार तिथे चोख घ्यायचं, जे काम दिवसातून दहा वेळा करावं लागणार ते सोपं करणारी वस्तू घ्यायची, आणि बाकी सगळं बाळ आल्यावर बघायचं. दुकानं कुठे पळून जात नाहीत, आणि तुमच्या बाळाला काय लागतंय हे ते आल्याशिवाय कुणालाच कळणार नाही.

आधी झोप, कारण यात मी तडजोड करू देणार नाही. नवजात बाळाला लागते सपाट, टणक गादी आणि त्यावर घट्ट बसलेली चादर. झालं. उशी नको, रजई नको, कडेला लावायचे गुबगुबीत बंपर नकोत, सॉफ्ट टॉय नको. यादीत तू पूर्ण बेडिंग सेट लिहिलायस, फोटोत फार गोड दिसतो, पण त्यातली चादर सोडली तर एकही वस्तू बाळ झोपलेलं असताना पाळण्यात असता कामा नये. बाळाचं नाक मऊ कापडात गेलं तर मान वळवून बाजूला व्हायची ताकद त्याच्यात नसते. 1990 च्या दशकात बऱ्याच देशांत बाळाला पाठीवर झोपवा असं मोठ्या प्रमाणावर सांगायला सुरुवात झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहून खाली आली. त्यासाठी कुणाला काही विकत घ्यावं लागलं नव्हतं, हे मी प्रत्येक आईबापाला सांगते. अमेरिकेने तर 2022 मध्ये कायदा करून ते गुबगुबीत बंपर आणि 10 अंशांपेक्षा जास्त उतार असलेले झोपवायचे पाळणे विकायलाच बंदी घातली. उतारावर बाळाची हनुवटी छातीवर पडते आणि श्वासाची वाट अरुंद होते. आपोआप हलणारा झोका तुझ्या यादीत आहे, तोही याच कारणाने झोपायची जागा नव्हे, त्यात डोळा लागला की उचलून सपाट जागेवर ठेवायचं, मग एवढी मोठी वस्तू आत्ता घरात आणून ठेवायची का ते तुम्हीच ठरवा.

पाळणा घेताना लाकडाचा रंग आणि नक्षी मागाहून बघ, आधी टेप घेऊन दांड्यांमधलं अंतर मोज. 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर अंग बाहेर आणि डोकं आत असं अडकू शकतं. गादी आणि चौकट यांच्यामध्ये दोन बोटं जात असतील तर ती गादी त्या पाळण्याची नाही. एक बाजू खाली सरकणारे जुने पाळणे कुणी प्रेमाने दिले तरी घेऊ नका.

पांघरुणाचं काय असं तू विचारशीलच. अंगात घालायची झोपेची पिशवी मिळते, हात बाहेर आणि पाय आत, त्या दोन घ्या, एक धुवायला एक अंगावर. दुपट्यात गुंडाळायचं असेल तर कमरेखाली सैल ठेवायचं, पाय दुमडता आले पाहिजेत, आणि कुशीवर वळायची खटपट दिसली की त्या दिवसापासून गुंडाळणं बंद. वजन भरलेल्या पिशव्या आणि दुपटी मिळतात त्या अजिबात नकोत. आणि पायात घालायचा तो ऑक्सिजन मोजणारा मोजा, ज्याच्यापुढे तू तीन स्टार काढलेत, तो का हवासा वाटतो ते मला कळतं, पहिल्या बाळाला झोपलेलं बघून प्रत्येक बाप श्वास मोजतो. पण अचानक होणारे मृत्यू अशा यंत्राने टळतात असा भरवसा नाही, अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही त्यासाठी ते वापरा म्हणत नाही. शिवाय खोटा अलार्म वाजला की सगळं घर थरथरतं. तो काढून टाक.

आता कपडे. इथे सगळ्यात जास्त वाया जातं, आणि गंमत म्हणजे नीट निवडलं तर इथेच सगळ्यात जास्त सुखही मिळतं. रात्री तीनचं चित्र डोळ्यासमोर आण. शी डायपरमधून निघून पाठीवरून पार मानेपर्यंत गेलीय, तुझ्या एका हाताच्या बोटांत बाळाचे दोन्ही घोटे आहेत, ते लाथा मारतंय, आणि कामाला उरलाय एकच हात. त्या वेळी मागे बारीक बटणांची रांग असलेला फ्रॉक म्हणजे शिक्षा आहे. झबल्यांच्या खांद्यावर दोन कापडं एकावर एक आलेली असतात ना, ती शोभेची नसतात, त्यामुळे गळा इतका रुंद होतो की अख्खं झबलं खांद्यावरून खाली ओढून पायाकडून काढता येतं आणि घाण डोक्यावरून जात नाही. तसंच बघून घे. रात्रीसाठी खालून उघडणारी चेन असेल तर आणखी चांगलं, छाती झाकलेली राहते आणि बाळ पूर्ण जागं होत नाही. असे साधे सुती सहा-सात जोड पुरतात. अगदी नवजात मापाचे मोजकेच घ्या, कारण पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत परत येतं आणि मग ते जे सुटतं, पाचेक महिन्यांत जन्माच्या दुप्पट होतं, वर्षभरात उंची 25 सेंटीमीटरच्या आसपास वाढते. बूट काढून टाक सगळे, चालायला लागून घराबाहेर पडेपर्यंत बुटांचं काही काम नाही. कुणी काय देऊ विचारलं तर सहा महिन्यांच्या पुढचं माप सांगा, लाजू नका.

डायपर सुरुवातीला दिवसरात्रीत 8 ते 12 लागतात, तरी नवजात मापाचे गठ्ठे भरून ठेवू नका, एकाच कंपनीचे तर मुळीच नकोत, एखाद्या बाळाच्या मांडीला रुततात, एखाद्याला पुरळ येतं. छोटी पाकिटं आणून आधी बघा. पुसायला कापूस आणि कोमट पाणी पुरतं, बाहेर जाताना वास नसलेले वाइप्स. पावडर नको, ती श्वासातून आत जाते. डायपर बदलायचं उंच टेबलही नको, बाळ कधी पहिल्यांदा कड फिरेल ते सांगून करत नाही, जमिनीवर किंवा पलंगाच्या मध्यभागी पुसता येणारी एक चटई टाका. मी तर म्हणेन अशा चटया दोन घ्या आणि एक बाहेरच्या खोलीत ठेवा, दर वेळी आत पळावं लागलं नाही की किती फरक पडतो ते आठवड्याभरात कळेल.

दुधाबद्दल जपून लिहितेय कारण ते बाळाच्या आईचं शरीर आहे, आणि या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. बाळ दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पितं. दूध काढायचा पंप आत्ता घेऊ नका. लागेल की नाही माहीत नाही, आणि त्याच्या छातीला लावायच्या फनेलचं माप आधी ठरत नाही, चुकीच्या मापाने भयंकर दुखतं. गरज पडली तर भाड्याने मिळतो, किंवा तेव्हा विकत आणा. दुसऱ्याचा वापरलेला पंप मात्र घेऊ नका, बऱ्याच पंपांत दूध आतल्या भागापर्यंत जाऊ शकतं आणि तो भाग धुता येत नाही. बाटल्या एकाच प्रकारच्या दोन पुरे, वरचं दूध द्यायचं ठरलं तर आणखी आणता येतील. बाटली गरम करायच्या मशीनचं काम वाडगाभर गरम पाणी करतं. मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, दूध कुठे कोमट कुठे चटका बसेल इतकं तापतं आणि बाहेरून कळत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर स्तनपान शिकवणाऱ्या चांगल्या सल्लागाराची एक भेट ठरवून ठेवा, पहिल्या आठवड्यात माझ्या मते तिच्याइतका उपयोग कुठल्याच मशीनचा होत नाही.

उंच खुर्ची, वाट्या-चमचे, ब्लेंडर हे सगळं सहा महिन्यांनंतरचं आहे, खोडून टाक. बाथटबही थांबू शकतो, नाळ गळून पडायला एक ते तीन आठवडे जातात आणि तोवर ओल्या कापडाने पुसलं तरी चालतं.

एक छोटी वस्तू तुझ्या यादीत नाहीये आणि ती पहिली हवी होती: साधा डिजिटल थर्मामीटर. कपाळासमोर धरायचा महागडा नको, साधाच. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असताना ताप 38 अंश सेल्सियस किंवा वर दिसला तर रात्र आहे, सकाळी बघू, असं करायचं नाही. लगेच डॉक्टर. काखेत लावला तर खऱ्यापेक्षा थोडा कमी दाखवतो हेही लक्षात ठेव.

वॉकर तर खोडच, पुन्हा लिहूही नकोस. कॅनडाने 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातलीय. त्याने बाळ लवकर चालत नाही, उलट जिन्यावरून पडायची, भाजायची सोय होते, कारण जिथे हात पोचू नये तिथे ते क्षणात पोचतं.

बाबागाडीचं तुम्ही दोघं ठरवा, फक्त मान धरेपर्यंत ती पूर्ण आडवी होणारी हवी, आणि दुकानात एका हाताने मिटून, उचलून बघ, जिना रोज चढणार आहेस तू. मला विचारशील तर बाळ अंगाशी बांधायचं कॅरियर आधी घे, संध्याकाळी तास-तास रडणारी बाळं छातीशी गप्प होतात आणि तुझे हात मोकळे राहतात. त्यात बाळाचा चेहरा तुला कायम दिसला पाहिजे, हनुवटी छातीपासून सुटलेली हवी आणि गुडघे कुल्ह्यांपेक्षा वर.

यादीत आईसाठी एकही ओळ नाही, हे मात्र मला खुपलं. बाळंतपणानंतर रक्तस्राव सहा आठवड्यांपर्यंत चालू शकतो, जाड पॅडची पाकिटं आणून ठेव. पुढून उघडणारे सैल कपडे, पाजताना एका हाताने उघडेल अशी मोठी पाण्याची बाटली, लांब वायरचा चार्जर, मंद दिवा. पाजताना घसा कोरडा पडतो आणि उठता येत नाही, म्हणून बाटली भरून जवळ ठेवायचं काम तुझं.

कपडे, टब, खेळणी हे ओळखीतून आलेलं जरूर घ्या, उकळून धुवून वापरा. कार सीट मात्र वापरलेली नको, तिचा अपघात झालाय का हे बघून कळत नाही, आणि प्लॅस्टिकला वय असतं, मुदतीची तारीख बऱ्याच सीटवर खालच्या बाजूला छापलेली असते. तोंड गाडीच्या मागच्या बाजूला होईल अशीच बसवायची. बाळाचं डोकं म्हणजे अंगाचा जवळपास चौथा भाग आणि मान अजून कोवळी, तोंड पुढे असेल तर जोरात ब्रेक लागल्यावर सगळा झटका मानेवर येतो, उलट बसवलं तर पाठ, डोकं, मान तिघांना सीट एकदम पेलते. पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर कधीही नाही. जाड जॅकेट काढून पट्टा बांधायचा आणि खांद्यापाशी तो पट्टा चिमटीत धरून बघायचा, चिमटीत आला तर सैल आहे, अजून ओढ.

आणि हे सगळं दवाखान्याच्या दारात, बाळ हातात असताना पहिल्यांदा शिकायचं नाही. तारखेच्या तीन-चार आठवडे आधी सीट गाडीत बसवून घे, तळापाशी दोन्ही हातांनी धरून हलव, अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर परत आवळ, एकदा तू आणि एकदा तिने पट्टा लावून काढून बघा. नाही जमलं तर रविवारी मला बोलवा, मी येते.

मावशी