मॉडेल रेल्वेच्या लेआउटमध्ये मनातली पात्रं आणि गमतीशीर प्रसंग कसे आणायचे, म्हणजे ते पोरकट वाटणार नाही?

तुम्ही लिहिलंय की खऱ्या स्टेशनची हुबेहूब नक्कल करायची नाहीये, आपल्या मनातलंच एक गाव, त्यातली चक्रम माणसं असं काहीतरी करायचंय, पण लोक म्हणतील हे काय खेळणं मांडून ठेवलंय, आणि सुरुवात कुठून करायची तेही कळत नाहीये. तर माझं उत्तर सरळ आहे. थाप एकच मारा आणि ती शेवटपर्यंत निभावून न्या. बाकी सगळं म्हणजे रूळ, खडी, सिग्नल, पाट्या, प्लॅटफॉर्मवरच्या पानाच्या पिचकाऱ्या, हे अगदी खरं असू द्या. पोरकट कधी वाटतं, तर दर वितीवर एक नवी गंमत असते तेव्हा. इकडे एलियन, तिकडे भुताचा वाडा, मध्येच सुपरहिरो, आणि यातल्या कुणाचाच एकमेकांशी नाही की गाडीशी नाही काही संबंध. बघणारा दोन मिनिटं हसतो आणि मोबाइल काढून बसतो.

माझंच सांगते म्हणजे कळेल. मी बडोद्यात राहते, दांडिया बाजारच्या बाजूला, घर जुनं आणि खोल्या लहान, त्यामुळे माझा लेआउट ४ फूट बाय २ फूट प्लायवर आहे आणि काम नसेल तेव्हा दिवाणाखाली सरकवता येतो. आता आमच्याकडची एक खरी गोष्ट अशी की १८६२ मध्ये गायकवाडांच्या राज्यात डभोई ते मियागाम नॅरोगेज टाकली आणि ती सुरुवातीला चक्क बैल ओढायचे. रूळच इतके हलके होते की इंजिनाचं वजन त्यांना झेपलं नसतं. इंजिनं नियमित धावायला पुढे बरीच वर्षं गेली. इथपर्यंत इतिहास. माझी थाप यापुढे सुरू होते की इंजिनं आल्यावर सगळे बैल रिटायर झाले पण एकाची ऑर्डर टपालात गहाळ झाली, म्हणून तो आजही ड्युटीवर आहे. नाव सर्जा. बस्स, एवढीच थाप.

पण एकदा ती मारली की मग तिचे परिणाम प्रामाणिकपणे शोधायचे, खरी मजा त्यातच आहे. बैल नोकरीवर आहे म्हणजे इंजिनाला पाणी भरायच्या नळाशेजारी त्याची दगडी डोणी हवी. कोळशाच्या ढिगाला लागून कडब्याची गंजी हवी, आणि दोन्हीचा हिशोब एकाच वहीत लिहिणारा वैतागलेला कारकून हवा. शेडमध्ये एका इंजिनाच्या जागेवर गव्हाण. गार्डाच्या डब्यात हिरव्या-लाल झेंड्यांबरोबर गुळाची ढेप, कारण गूळ दाखवल्याशिवाय सर्जा सांधा ओलांडत नाही. त्यावरूनच स्टेशनचं नाव पडलं, थांबलीतर रोड. पाटी मात्र पिवळीच आणि त्यावर काळी अक्षरं, गुजराती हिंदी इंग्रजी तिन्ही भाषांत, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. त्या उंचीच्या आकड्यातही विनोद करायचा मोह होतो, करू नका. पाटी जितकी सरकारी दिसेल तितका बैल खरा वाटतो. माझ्या सासूबाई सुरुवातीला या सगळ्याकडे 'चालू द्या तुमचं' म्हणून बघायच्या, पण त्यांनीच एक दिवस विचारलं, बैल आहे तर त्याला पोळ्याची सुट्टी नको का? आता टाइमटेबलच्या बोर्डावर सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'बैलपोळ्याच्या दिवशी गाडी बंद राहील, प्रवाशांनी नोंद घ्यावी'. मला वाटतं अख्ख्या लेआउटमधली सगळ्यात चांगली गोष्ट ती आहे आणि ती माझी नाही.

पात्रांचं म्हणाल तर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, गाडी लेट झाली तर तुझं काय बिघडतं? ज्याचं काहीच बिघडत नाही त्याला लेआउटवर जागा नाही, मग तो कितीही गोड असो. माझ्याकडे एक अख्खी वरात प्लॅटफॉर्मवर अडकलीय, मुहूर्त टळत चाललाय, नवरदेव ट्रंकेवर बसल्या बसल्या झोपलाय, वरबाप स्टेशनमास्तरांशी भांडतोय आणि नवरदेवाची आत्या मात्र शांतपणे लिलो चिवड्याचा डबा उघडून बसलीय. बाहेर सेव-उसळवाला आहे, त्याचं उलट, गाडी जितकी लेट तितका त्याचा धंदा, म्हणून तो सर्जाला रोज गुपचूप हिरवा चारा घालतो की खा बाबा सावकाश. म्हणजे बघा, एकाच बैलावरून कुणाचं नुकसान, कुणाचा फायदा, आणि गोष्ट आपोआप उभी राहते, वेगळी सुचवावी लागत नाही.

आणि हो, फलाटाच्या टोकाला एक मगर पसरलीय आणि टीसी बाकावर चढून तिथूनच तिची पावती फाडतोय. बाहेरगावचे लोक म्हणतात मगर जरा जास्तच झाली हं. आता त्यांना काय सांगणार, विश्वामित्री शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत, पावसाळ्यात रस्त्यावर येतात, २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात तर सोसायट्यांमधून पकडून न्याव्या लागल्या होत्या. बडोद्यातलं पोरगंसुद्धा त्या मगरीकडे बघत नाही, टीसीकडे बघून हसतं. तर तुमच्या गावातलं असं खरं पण अचाट काय आहे ते आधी शोधा. खोट्याच्या शेजारी तसलं एक खरं ठेवलं की बघणाऱ्याचा गोंधळ उडतो, कुठलं खरं कुठलं खोटं ते त्याला ठरवता येत नाही आणि मग तो नीट वाकून बघायला लागतो.

हे काही माझं संशोधन नाहीये बरं का. कॅलिफोर्नियात माँटेरेला जॉन अ‍ॅलन म्हणून या छंदातले फार मोठे माणूस होऊन गेले, १९७३ मध्ये वारले. डोंगर, पूल, दऱ्या असा भव्य लेआउट, आणि त्यात शंटिंगला इंजिनाऐवजी एक स्टेगोसॉरस डायनासोर, नाव एमा, तिला इंजिनांसारखा नंबरही दिलेला. ती शोभली कारण आजूबाजूचं सगळं काम अव्वल दर्जाचं होतं, डब्यांवरचा गंजसुद्धा. इंग्लंडमध्ये रोलंड एमेट आधी अशा वाकड्यातिकड्या गाड्यांची व्यंगचित्रं काढायचे, मग १९५१ च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये लंडनच्या बॅटरसीला त्यांची माणसांना बसता येईल अशी खरीच रेल्वे केली. हॅम्बुर्गचं मिनिआतुर वुंडरलांड २००१ पासून चालू आहे, जगातलं सगळ्यात मोठं म्हणतात, तिथेही कोपऱ्याकोपऱ्यात असले चावट प्रसंग लपवलेले असतात आणि बटण दाबलं की काहीतरी हलतं. एवढं लांब कशाला, पुण्यात कोथरूडकडे जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ पासूनचं, ते बघाच, घरगुती वेडाचं पुढे काय होऊ शकतं ते कळेल.

आता थोडं हाताच्या कामाचं. एचओ हे मॉडेलचं एक माप, १:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. आमच्या डभोईच्या नॅरोगेजची रुंदी २ फूट ६ इंच म्हणजे ७६२ मिमी, त्याला ८७ ने भागलं की ८.७६ येतं, आणि एन गेजचा, म्हणजे एचओपेक्षा लहान मापाच्या गाड्यांचा, तयार रूळ असतो ९ मिमी. म्हणजे रूळ आणि इंजिनाची चाकं-मोटर एन गेजची घ्यायची, आणि वरची बॉडी, माणसं, इमारती एचओच्या मापात करायच्या. फायदा दुहेरी, माणसं जेमतेम दोन सेंटिमीटरची असली तरी चेहरे रंगवता येतात आणि वळणं मात्र एनची असल्यामुळे २ फुटात गाडी फिरते. एचओच्या मोठ्या रुळाला साधारण १८ इंच त्रिज्या लागते, ती आमच्या दिवाणाखाली जन्मात बसली नसती. एन गेजच्या रुळातले स्लीपर मात्र नॅरोगेजच्या मानाने फार दाट दिसतात, ते माती-खडीत अर्धे पुरून टाकायचे, जुन्या लाइनी तशाच दिसायच्या. बडोद्यातच प्रतापनगरला रेल्वेचं हेरिटेज म्युझियम आहे, तिथे जाऊन नॅरोगेजचं सामान जवळून बघा, इंटरनेटवरच्या फोटोवरून मापाचा अंदाज येत नाही.

खडीसाठी चाळलेली बारीक वाळू, ब्रशने बसवायची, वरून फेविकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, आणि ड्रॉपरने सोडायचं. तो साबणाचा थेंब टाळू नका, नाहीतर पाणी वाळूवर गोळे होऊन बसतं आणि सगळी खडी विस्कटते. डोंगराला फ्रिजच्या पॅकिंगचा थर्माकोल चालतो पण त्यावर फेविक्विक किंवा स्प्रेचा रंग थेट मारला की तो विरघळतो. वाळवलेली चहाची पूड मातीसाठी छान, कडकडीत वाळलेली मात्र हवी, ओलसर राहिली की पावसाळ्यात बुरशी. आणि बडोद्याचा लेआउट म्हणजे वडाचं झाड आलंच, त्याचं खोड जुन्या वायरमधल्या तांब्याच्या तारा पिळून करते आणि पारंब्यांना सुतळीचे धागे सोडवून लावते. सुतळी जशीच्या तशी लावली की दोरखंड दिसतो, एकेक धागा सुटा करायचा, सिरियल बघत बसल्या बसल्या होतं ते.

माणसं तयार मिळतात, जर्मन कंपन्यांची, प्रायझर वगैरे, अफाट सुंदर असतात पण सगळे कोटवाले आणि हॅटवाले. हॅट कानसीने घासून एम-सीलची बारीक वळी गुंडाळली की पागोटं होतं. साडीसाठी टिश्यू पेपरचा एकच पदर सुटा करून पातळ फेविकॉलमध्ये बुडवायचा आणि चिमट्याने नेसवायची, निऱ्या हव्या तशा पडतात, खऱ्या साडीपेक्षा लवकर. सर्जाचं काम जास्त होतं, कारण तिकडच्या गुरांना वशिंडच नसतं. ते एम-सीलचं चढवलं, शिंगं बारीक तारेची, गुजरातकडच्या कांकरेज जातीच्या बैलासारखी मोठी वर वळलेली. तो चालतो कसा विचाराल, तर मोटर त्याच्यात नाही, त्याच्यामागच्या मालडब्यात आहे, डबाच त्याला तारेने पुढे ढकलतो आणि बघणाऱ्याला वाटतं बैल ओढतोय. बैल असल्यामुळे स्पीड अगदी कमी हवा, त्याला साध्या रेग्युलेटरपेक्षा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (मोटरला वीज छोट्या छोट्या झटक्यांनी देणारा) बरा, साध्यावर गाडी एकतर थबकते नाहीतर एकदम उसळी मारते. रूळही स्वच्छ लागतात, सुती फडक्यावर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन पुसत राहायचे, आमच्याकडे धूळ आहे त्यामुळे जरा जास्तच.

एक गोष्ट बरेच जण लक्षात घेत नाहीत, लेआउटवर गाडी हलते पण माणसं हलत नाहीत. म्हणून पळणारा, उडी मारणारा, पडता पडता राहिलेला असा माणूस लावला की तो पहिल्यांदा मस्त वाटतो आणि गाडी दुसरी फेरी मारून आली तरी हा अजून हवेतच, मग सगळा भास मोडतो. माणूस बराच वेळ ज्या पोझमध्ये राहू शकतो तीच द्या. वाट बघणारा, पेंगणारा, कमरेवर हात ठेवून भांडणारा, उकिडवा बसून बिडी ओढणारा. आपल्याकडच्या स्टेशनवर अर्धे लोक असेच असतात, त्यामुळे हे सोपं जातं. आणि सगळं एका नजरेत दिसू देऊ नका. माझा टपालाचा डबा वडाच्या मागे गंजत पडलाय, त्याच्या फटीतून एक पिवळा पडलेला कागद डोकावतो, तीच सर्जाची ऑर्डर. पाहुण्यांना मी हे सांगत नाही. भाच्याला मात्र पहिल्याच दिवशी दिसलं कारण त्याचे डोळे बोर्डाच्या उंचीला येतात, म्हणून लहान मुलांच्या उंचीवर बसून एकदा लेआउट बघत जा, उभं राहून निम्मं दिसतच नाही.

तेव्हा सुरुवात रुळापासून नको. आधी थाप ठरवा, मग स्टेशनचं नाव आणि टाइमटेबल कागदावर लिहा, घरच्यांना वाचून दाखवा, ते जे फाटे फोडतील ते सगळे लिहून घ्या. कुणी 'पण मग अमुकचं काय?' असं विचारलं तर समजा थाप चालतेय. रूळ आणि कंट्रोलर त्यानंतर. डीसीसीच्या, म्हणजे प्रत्येक इंजिनाला रुळातूनच वेगळा डिजिटल हुकूम देण्याच्या भानगडीत आत्ता पडू नका, एका इंजिनाला आणि एका बैलाला साधी १२ व्होल्ट डीसी भरपूर झाली.