घर पुराच्या तोंडी, कायदा कुठाय?

प्रश्न : ताई, आमचं घर दूधगंगेच्या काठाला, कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यात. २०१९ च्या महापुरात मागची भिंत पडली. आता नदी चढली की जनावरं घेऊन गंजी केंद्र, म्हणजे सरकारी पूर-छावणी, गाठायचं. मुलगा म्हणतो आपण 'हवामान निर्वासित', आपल्याला आंतरराष्ट्रीय कायदा आहे. खरं का? आणि उंचावर जागा मागता येईल का?

उत्तर : दादा, तसा कायदा नाही हो. निर्वासितांच्या १९५१ च्या करारात धर्म, वंश, राष्ट्रीयत्व, राजकीय मत असल्या कारणानं छळ झाला तरच माणूस निर्वासित, पूर-दुष्काळ त्यात नाहीच, आणि भारतानं त्यावर सहीसुद्धा केलेली नाही. किरिबाटी या बेटांच्या देशातला इओने तेतिओटा, समुद्र चढतोय म्हणून न्यूझीलंडमध्ये राहू द्या म्हणत होता, त्यालाही परत पाठवलं.

पण तुम्ही तर आपल्याच देशात आहात, नागरिक आहात, म्हणून इथलाच कायदा धरा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात निवारा, जेवण, पाणी, औषधपाणी, पडलेल्या घराची मदत हे सगळं येतं. अडतं ते पुढं. धरणाला जमीन गेली तर २०१३ चा भूसंपादन कायदा पुनर्वसन देतो, कारण तिथं जमीन सरकार घेतं. नदीनं घर नेलं तर तो लागूच होत नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो, कारण बाई-माणसांचं, पोराबाळांचं घरादारातून उठणं दोन्हीकडं सारखंच असतं की! २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा कलम १४ आणि २१ मधला हक्क मानला. जागा द्याच असं त्यात नाही, तरी अर्जात हा निकाल जरूर लिहा.

जागा मागता येते, पण एकट्यानं नको, अख्ख्या गल्लीचा अर्ज करा. ग्रामसभेत ठराव घ्या, मग तहसीलदार आणि डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला द्या. घराचा उतारा, २०१९ च्या पंचनाम्याची नक्कल, पाणी कुठपर्यंत चढलं त्या भिंतीवरच्या खुणेचा फोटो, सगळं जोडा आणि आपल्या कॉपीवर पोचचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कन्नडमध्येच लिहून आणा म्हणाले तर राज्यघटनेचं कलम ३५० दाखवा, गाऱ्हाणं मराठीतही देता येतं. वकिलाच्या फीची काळजी नको, १९८७ च्या विधी सेवा कायद्यात पूरग्रस्ताला वकील फुकट मिळतो, बेळगावच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस विचारा.