दुखणं आधी, स्टेज नंतर

प्रिय डॉक्टर,

पुढचं शिक्षण कशात घ्यायचं, कार्डिओलॉजी की मेडिकल ऑन्कॉलॉजी, म्हणजे कॅन्सरवरचे औषधोपचार, हा तुझा प्रश्न. तिकडे पेशंट चालत घरी जातो आणि इकडे डोळ्यांदेखत खंगत जातो, असं तू लिहिलं आहेस. रँक, सीट, बाँड यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यात मी पडत नाही. पण पत्राच्या शेवटी तू जाता जाता एक गोष्ट सांगितलीस. गालाच्या कॅन्सरच्या एका पेशंटने राऊंडला तुझा हात धरला, "लई दुखतंय" म्हणाला, आणि तू "पॅलिएटिव्हवाले बघतील" असं सांगून, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणाऱ्या विभागावर सोपवून, पुढच्या खाटेकडे गेलास. मला बोलायचंय ते त्यावरच.

दुखणं आधी बघायचं. स्टेज नंतर, स्कॅन नंतर, केमोचा प्रोटोकॉल नंतर. दुखणाऱ्या माणसाला तू उपचाराचे पर्याय समजावून सांगतोस तेव्हा त्याच्या कानांपर्यंत काहीही पोचत नसतं. तो मान हलवतो, नातेवाईक सही करतात.

एमडी मेडिसिननंतर नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा, मग तीन वर्षं डीएम ही सुपरस्पेशालिटीची पदवी. त्या तीन वर्षांत म्यूटेशनं, इम्युनोथेरपी, ट्रायलचे आलेख तुला तोंडपाठ होतील, कारण ते विचारतात. मॉर्फिनची गोळी कशी सुरू करायची हे मात्र मी कितीतरी डीएम झालेल्यांना विचारून पाहिलंय; सगळे गुळमुळीत बोलतात. म्हणून इथेच लिहिते. पाच किंवा दहा मिलिग्रॅम, दर चार तासांनी, घड्याळ लावून. "दुखलं तर घ्या" असं कधीही लिहायचं नाही. झोपताना दुप्पट, म्हणजे मधल्या डोससाठी रात्री उठावं लागत नाही. पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच दिवसापासून, कारण गुंगी आणि मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ ओसरत नाही. किडनी कमजोर असेल तर डोस कमी, अंतर जास्त. तोंड उघडत नसेल तर साधी गोळी पाण्यात विरघळवून नळीवाटे. यातलं काय अवघड आहे, सांग मला!

आणि "दहापैकी किती दुखतं?" हे पाठ केलेलं वाक्य गावाकडच्या म्हाताऱ्या माणसाला विचारू नकोस. तो तुला खूश करायला कुठलाही आकडा सांगेल. त्याला विचार, "रुपयात किती आणे?" म्हातारी माणसं अजून आण्यांत सांगतात. "बारा आणे होतं, आता चार आणे राहिलंय," हे तो विचार करून सांगतो. मग विचार, कुशीवर वळता येतं का, पहाटे किती वाजता जाग येते, घास कुठल्या बाजूने गिळता. खाटेवर बसून विचार. उभ्या डॉक्टरला पेशंट "बरंय" म्हणतो.

मॉर्फिनची भीती तुझ्या पिढीने आमच्याकडून उचलली आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवाने इतके जाचक झाले की फार्मसीवाल्यांनी नादच सोडला. मॉर्फिन जिच्यापासून बनतं ती अफू आपल्याच नीमच-मंदसौरकडे पिकते आणि इथलाच पेशंट रात्रभर कण्हतो, हे मला आजही सहन होत नाही. २०१४ च्या दुरुस्तीने ते बरंच सोपं केलं. तरीही मी जिथे नोकरी केली तिथे "व्यसन लागेल", "रजिस्टर कोण ठेवणार" हेच ऐकत आले. मी भांडले. माझी ओपीडी लांबते म्हणून वर तक्रारी गेल्या, शोधनिबंध कमी म्हणून बढती अडली. त्याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं. पण ती संध्याकाळ पेपर लिहिण्यात घालवायची की वॉर्डातला डोस वाढवायला जायचं, असं पुन्हा कुणी विचारलं तर मी वॉर्डातच जाईन, आणि मी बरोबर होते असंच म्हणेन. खंत आहे ती वेगळी. माझ्या हाताखालून रेसिडेंटच्या कितीतरी बॅच गेल्या, त्यातले बरेच जण दुखणं दुसऱ्या विभागाचं मानतच बाहेर पडले.

तसं मानायला आधार तरी काय? वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ साली डॉ. लुईस डिसूझांनी सुरू केलं, ते स्वतः कॅन्सर सर्जन. आणि तुला पुरावाच हवा असेल तर २०१० चा बॉस्टनचा अभ्यास बघ. पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरचे १५१ पेशंट. निदानापासूनच पॅलिएटिव्ह केअर मिळालेल्यांचं मीडियन आयुष्य (निम्मे पेशंट त्याहून जास्त जगतात तो आकडा) ११.६ महिने, बाकीच्यांचं ८.९. शेवटच्या दिवसांतला उपचारांचा मारा कमी होऊनसुद्धा ते जास्त जगले.

पॅलिएटिव्ह विभाग असावाच, तिथे महिनाभर जाऊन बस, खूप शिकशील. पण पहिली गोळी तू लिही. रेफरल लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ती लिहून होते. हे करायची तयारी असेल तर ऑन्कॉलॉजीत ये, नसेल तर खरंच येऊ नकोस. तुझ्यासारख्या हुशार मुलाला असं सांगताना जीवावर येतं, तरी सांगते.

तुमच्या कॉलेजच्या फार्मसीत मॉर्फिनच्या गोळ्या आहेत का, ते उद्या जाऊन विचार. "नाहीत" म्हणाले तर संस्थेला मान्यता कशी घ्यायची, प्रशिक्षित डॉक्टर कोण लागतो, कुलपाचं कपाट आणि रजिस्टर कसं ठेवायचं, सगळं लिहून पाठवते. डीनसमोर जायची वेळ आली तर एकटा जाऊ नकोस. मला फोन कर, मी येते.

तुझी,
मॅडम