पंचच्या भांड्यात नेमके किती पेग आहेत?

डिसेंबर जवळ आला की रम पंचबद्दल, म्हणजे रम, लिंबू, पाक आणि पाणी मोठ्या भांड्यात मिसळून केलेल्या पेयाबद्दल, तेच तेच प्रश्न येतात. बहुतेकांच्या मुळाशी गोंधळ एकच असतो: भांडं मोठं झालं की मोजमाप सुटतं. म्हणून या वेळी निवडक प्रश्नांची एकत्र उत्तरं.

प्रश्न: पंचवीस जणांसाठी प्लँटर्स पंच, म्हणजे जुन्या पद्धतीचा रम पंच, करायचा आहे. रम किती लागेल?

750 मिलीच्या दोन बाटल्या. कॅरिबियन बेटांवरचं जुनं प्रमाण आहे: आंबट एक, गोड दोन, कडक तीन, पातळ चार. म्हणजे लिंबाचा रस 500 मिली, साखरेचा पाक 1 लिटर, रम दीड लिटर, आणि पाणी, अननसाचा रस व विरघळणारा बर्फ मिळून 2 लिटर. एकूण 5 लिटर, म्हणजे 150 मिलीचे 33 ग्लास. 600 ग्रॅम साखर तेवढ्याच कोमट पाण्यात विरघळवली की जवळजवळ लिटरभर पाक होतो. तार येईपर्यंत उकळू नका. अननसाचा रस गोड असेल तर आधी पाऊण लिटरच पाक घाला, चव बघा, मग वाढवा. कागदी लिंबू मध्यम असेल तर 12 ते 15 मिली रस देतं, तेव्हा चाळीस लिंबं आणा. पिळताना साल चुरगळू नका, कडवटपणा तिथूनच येतो. जायफळ भांड्यात टाकू नका. ग्लास हातात देताना वरून दोनदा किसा, वास नाकाशी राहतो.

‘पंच’ हा शब्द आपल्या ‘पाच’वरून आला, असं जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरनं 1698 साली छापलेल्या प्रवासवर्णनात लिहिलं आहे, तेही गोव्यातल्या नेरूलच्या अरकाबद्दल, म्हणजे गाळलेल्या दारूबद्दल, सांगताना. तेव्हा पाचवा जिन्नस, म्हणजे मसाला, वगळू नका.

प्रश्न: आजीचं पितळी घंगाळ आहे. त्यात पंच ठेवला तर शोभून दिसेल ना?

नको. लिंबानं पितळ कळकतं आणि तांबं पेयात उतरतं. कल्हई जुनी असेल तर आधी कल्हईवाल्याला दाखवा. तोवर काच किंवा स्टील.

प्रश्न: सगळं आदल्या रात्री एकत्र करून ठेवलं तर?

रम आणि पाक एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवा. लिंबू त्याच दिवशी दुपारी पिळा, कारण रात्रभरात रसाचा ताजेपणा जातो. सोडा घालणार असाल तर ग्लासातच. भांड्यात बर्फाचे लहान खडे टाकले की तासाभरात पंच पाणचट होतो. त्यापेक्षा लिटरभराच्या स्टीलच्या डब्यात उकळून गार केलेलं पाणी चोवीस तास आधी गोठवा आणि तो एकच ठोकळा सोडा. बाहेरून आणलेला बर्फ निळसर असेल तर तो खाण्याचा नाही. ‘दारूत जंतू मरतात’ हे ऐकीव आहे. पंचइतक्या सौम्य मिश्रणात त्यावर भरवसा ठेवू नये. बर्फ कुठल्या पाण्याचा आहे, हे विक्रेत्याला विचारूनच घ्या.

प्रश्न: ताज्या अननसाच्या रसात क्रीम घातलं, तर फाटलं आणि कडू झालं.

ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं, कडूपणा त्याचाच. रस उकळून गार केला तर ब्रोमेलेन निकामी होतं, पण आंबटपणामुळे क्रीम तरीही फाटू शकतं. म्हणून नारळाचं पहिलं दाट दूध वापरा. तेही ठेवलं तर थर धरतं, तेव्हा सहा-सहा ग्लास बर्फासकट मिक्सरमधून काढा आणि लगेच वाढा.

प्रश्न: ‘ट्रॉपिकल मिक्स’ची तयार बाटली घ्यावी का?

बाटलीच्या पुढचं अननसाचं चित्र सोडा, मागची यादी वाचा. जो जिन्नस सर्वांत जास्त तो यादीत पहिला असतो. पाणी आणि साखर पुढे, फळ मागे, असं असेल तर तुम्ही रंगीत पाकाचे पैसे मोजताय.

प्रश्न: पंच गोड आणि हलका असतो. एरवी न पिणाऱ्यांनाही एखादा ग्लास चालेल ना?

हा समज सर्वांत घातक आहे, म्हणून सविस्तर सांगतो. भारतातल्या रममध्ये साधारण 42.8 टक्के अल्कोहोल असतं. वरच्या प्रमाणात 5 लिटर मिश्रणात दीड लिटर रम आहे, म्हणजे पंच जवळपास 13 टक्क्यांचा, वाइनइतका. 150 मिलीच्या ग्लासात 45 मिली रम जाते: दीड छोटा पेग. घरात मात्र 300 मिलीचे ग्लास निघतात आणि ते काठोकाठ भरले जातात. त्यात 90 मिली रम आहे, तीन छोटे पेग, आणि पिणारा म्हणतो, ‘मी एकच ग्लास घेतला.’ साखर आणि लिंबू मिळून दारूची जळजळ झाकतात, त्यामुळे जीभ इशारा देत नाही. त्यात कुणी ‘अजून थोडी’ म्हणून बाटली उपडी केली की सगळा हिशेबच गेला.

उपाय साधा आहे. 150 मिलीची खूण असलेला डाव ठेवा, भांड्यावर ‘एक डाव = दीड छोटा पेग’ अशी चिठ्ठी लावा, भर घालायची ती एकाच माणसानं, आणि बिनरमचा पंच वेगळ्या रंगाच्या भांड्यात. आधी तूप खाल्लं की चढत नाही, नंतर कॉफी घेतली की उतरते, या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. पोट भरलेलं असेल तर दारू सावकाश चढते एवढंच, आणि कॉफीनं झोप उडते, रक्तातली दारू कमी होत नाही. एका ग्लासानंतरही गाडी चालवू नका. मधुमेहाची औषधं, झोपेच्या गोळ्या किंवा मेट्रोनिडाझोल (जंतुसंसर्गावरचं औषध) चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घोटही नको. गरोदर बाईला तर अजिबात नको.

प्रश्न: उद्या सोसायटीच्या हॉलमध्ये पार्टी आहे. परवाना लागतो का?

महाराष्ट्रात लागतो: हॉलमध्ये दारू द्यायची तर एक दिवसाचा परवाना, पिणाऱ्याचा वेगळा. रमसाठी वय 25 पूर्ण हवं. उद्याच्या पार्टीसाठी हे आज विचारून भागत नाही, तारीख ठरली त्याच दिवशी विचारायला हवं होतं. सकाळीच राज्य उत्पादन शुल्क कार्यालय गाठा. गोव्याहून बाटल्या आणायचा बेत असेल तर त्याचीही चौकशी तिथेच करा, आणि कागद हातात येईपर्यंत पाहुण्यांना बिनरमचाच पंच द्या.