टीममधला संवाद सुधारायला एमबीटीआय टेस्ट घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की बारा जणांच्या टीममध्ये सारखे गैरसमज होतात, एचआरने पर्सनॅलिटी टेस्ट सुचवलीय, आणि एमबीटीआय (स्वभावाला चार अक्षरं देणारी टेस्ट) घ्यावी की डिस्क (स्वभावाचीच दुसरी टेस्ट) हे ठरत नाहीये. कुठलीही घ्या, फरक पडणार नाही. पण टेस्ट झाल्यावर तिचं काय होतं ते आधी ऐका.

मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, चौदा वर्षं झाली. आमची टेस्ट लोणावळ्याच्या रिसॉर्टवर झाली. सकाळी पोहे, मग प्रश्नावली, दुपारी गटागटाने खेळ. मी आयएसटीजे निघाले. अंतर्मुख (त्यातला 'आय'), तपशिलात रमणारी, नियमाने चालणारी. क्वालिटीतल्या बाईला हे सांगायला बाहेरून ट्रेनर कशाला आणावा लागतो ते सोडा. प्रत्येकाला आपापल्या चार अक्षरांचा स्टिकर मिळाला, तो टेबलावरच्या नावाच्या पाटीला लावायचा. आठवडाभर मजाही आली. कॅन्टीनमध्ये पत्रिका जुळवाव्यात तशी लोक अक्षरं जुळवत बसायचे.

दोन महिन्यांनी एका बुशच्या बोअरमध्ये, म्हणजे आतल्या भोकाच्या मापात, घोळ झाला. फर्स्ट शिफ्ट सुटायला वीस मिनिटं होती. मी मशीनवर गेले तर भोक तपासायच्या प्लग गेजची नो-गो बाजू, जी आत जाताच कामा नये, ती सरळ आत जात होती. इन्सर्ट (कापणारं टोक) बदलला होता आणि ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) चुकला होता. सुपरवायझरला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "मारतो ऑफसेट, मॅडम." भरलेल्या क्रेटला होल्डचा लाल टॅग लावला, शिफ्टच्या रजिस्टरमध्ये लिहिलं, सही केली आणि साडेतीनची बस धरली. बसमध्ये बघते तर तो माझ्या पुढच्याच सीटवर. मला वाटलं काम करूनच आला असेल. तो विसरला होता. सेकंड शिफ्टवाल्याने रजिस्टर उघडलंच नाही. टॅग लावलेला क्रेट जागच्या जागी राहिला आणि त्यानंतर भरलेले चार क्रेट रात्रीच्या गाडीने कस्टमरकडे गेले.

मग व्हाय-व्हाय करायला, म्हणजे 'का, का' विचारत मूळ कारण शोधायला, बसलो. तिसऱ्या 'का'ला आमचे प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, "मॅडम 'आय' आहेत ना, ही माणसं ठासून सांगत नाहीत." आणि माझ्या पाटीकडे बोट. सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्षानुवर्षं माझ्याकडून बोलणी खाल्लेल्यांनीसुद्धा! रिपोर्टात मूळ कारण म्हणून 'कम्युनिकेशन स्टाईल' गेलं आणि उपाय म्हणून मला दोन दिवसांचं असर्टिव्हनेसचं ट्रेनिंग.

कस्टमरने तो रिपोर्ट परत पाठवला. त्यांचा माणूस आला, मशीनपाशी उभा राहिला, रजिस्टर मागून घेतलं, ते पान वाचलं आणि विचारलं, "हे वाचतं कोण?"

कोणीच वाचत नव्हतं. आता शिफ्ट बदलताना दोन्ही सुपरवायझर आणि क्वालिटीचा माणूस मशीनपाशी दहा मिनिटं उभे राहतात. येणाऱ्याची सही झाल्याशिवाय जाणारा हलत नाही. बस दहा मिनिटं उशिरा सुटते, त्यावरून ड्रायव्हर अजून कुरकुरतो.

तुमच्याकडेही आधी एवढंच बघा. मागच्या दोन महिन्यांतले पाच गैरसमज घ्या आणि कोणी, कुणाला, कुठे सांगितलं होतं ते लिहून काढा. स्वभावाचा भाग फार थोडा निघेल. एकाने मेल केला, दुसरा व्हॉट्सॲपवर वाट बघत होता, आणि ठरवायचं कोणी तेच ठरलेलं नव्हतं, असलंच काहीतरी सापडेल. गूगलने २०१२ पासून आपल्याच सुमारे १८० टीम तपासल्या होत्या. कुठल्या स्वभावाची माणसं एकत्र ठेवली की टीम चालते याचं सूत्र त्यांना मिळालं नाही. माणसाला तिथे न घाबरता बोलता येतं का, याने मात्र फरक पडत होता. आमच्या त्या मीटिंगमध्ये मी सोडून कोणी "साहेब, मॅडमनी सांगितलं होतं" म्हणालं नाही. सुपरवायझर तिथेच बसला होता.

आता टेस्टबद्दल. मानसशास्त्रज्ञ युंगचं १९२१ चं पुस्तक वाचून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स यांनी ही बांधली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. दोघीही मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. त्याचंही मला काही नाही, आमचे सर्वांत चांगले सेटर आयटीआयसुद्धा झालेले नाहीत. माझी हरकत मोजण्याला आहे. बहुतेक माणसं मधेमधे असतात आणि ही टेस्ट बरोबर मधोमध रेघ मारून अलीकडच्याला 'आय' आणि पलीकडच्याला 'ई', म्हणजे बहिर्मुख, म्हणते. वर्षभराने नवीन एचआर आल्या, त्यांनी पुन्हा टेस्ट घेतली, तर मी 'ई'! गेजच्या आर अँड आरमध्ये, म्हणजे तेच पीस पुन्हा पुन्हा मोजून बघण्यात, तफावत ३० टक्क्यांच्या वर गेली की आम्ही तो गेज वापरातून काढतो. इथे पीस तोच आणि रीडिंग उलटं.

मग वाचताना "अगदी मीच" असं का वाटतं? १९४८ मध्ये फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचं वैयक्तिक विश्लेषण' म्हणून एकच मजकूर वाटला होता, बराचसा स्टॉलवरच्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. तो आपल्याला किती लागू पडतो याला मुलांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

काही गोष्टी मान्य करते, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी म्हणेलच. ती बस मी सोडायला हवी होती. लोणावळ्याला मेंटेनन्सचा एक जण बोलता बोलता म्हणाला की फोनवर सांगितलेलं माझ्या डोक्यात राहत नाही, मला लिहून द्या. त्या दिवसापासून आमचं जमलं. पण ते चहाच्या वेळी झालं, टेस्टमध्ये नाही. ते स्टिकर मीही वापरलेत. एका नवीन मुलाचं शेवटचं अक्षर 'पी' (वेळापत्रकात न अडकणारा) होतं, म्हणून कॅलिब्रेशनचं वेळापत्रक त्याच्याकडे दिलंच नाही. पुढे मी रजेवर असताना त्याने ते चोख सांभाळलं.

एचआरने आग्रहच धरला तर घ्या, पण निकाल ज्याचा त्याच्याकडे राहू दे. पाटीवर नको, अप्रेझलमध्ये तर मुळीच नको. भरतीसाठी ही वापरू नका असं टेस्ट विकणारेही सांगतात.

साहेब आता दुसऱ्या प्लांटला आहेत. मागच्या महिन्यात एका लग्नात भेटले, तेव्हा पुन्हा म्हणाले, "पण तुम्ही जरा जोरात सांगायला हवं होतं." रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो मी अजून मोबाईलमधून काढलेला नाही. तिथेच जेवणाच्या रांगेत काढून दाखवला.